दात फुटलेला क्ष

"ह्याला दात फुटल्यात," ईश्वरतात्या म्हणाले.

मी वळून बघितलं. डाव्या डोळ्यावर तळहात धरून तात्या माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनपुढं वीतभर अंतरावर वाकले होते. मग त्यांनी हात बदलला, उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं बघितलं. चेहरा निवळला. पुन्हा उजव्यानं बघितलं. पुन्हा कपाळभर आठ्या.

"कुणाला दात फुटलेत, तात्या?"

"ह्या क्षला. आन् ळला. श्रीला तर उंदरानं कुरतडल्यागत झालंय. डाव्यानं बघितलं तर कसं लोण्यागत अक्षर हाय. उजव्यानं बघितलं की नुसती करवत." ते सरळ उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पद्मा, डॉक्टरीणबाईनं माझा डोळा बिघडवला."

ही गोष्ट कुरुंदवाडची, दोन हजार एक सालची. आमच्या अप्पांची पिठाची गिरणी होती आणि तिच्या माडीवर माझी खोली. मी डिप्लोमा करून, पुण्यात दीड वर्ष नोकरी करून परत आले होते, आणि मराठीत लिहायचा एक प्रोग्राम स्वतः तयार करत होते. नाव ठेवलं होतं 'कित्ता'. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी लिहायचं म्हणजे कुठल्या तरी परक्या अक्षरांशी झटापट करावी लागायची. मला शाळेतल्या मुलांसाठी सुंदर अक्षर हवं होतं, आणि सुंदर अक्षर म्हटल्यावर आमच्या गावात एकच नाव निघायचं, ईश्वरा पेंटर, म्हणजेच हे तात्या. गावातली निम्मी दुकानं, सगळ्या शाळा, तालमीवरचा बलभीम आणि त्याखालचं 'श्री बलभीम प्रसन्न' हे सगळं त्यांच्या हातचं. मी त्यांना कार्डशीट नेऊन दिली. त्यांनी महिनाभर बसून एकेक अक्षर हातभर मोठं काढून दिलं. मी सांगलीला जाऊन ती सगळी स्कॅन करून आणली आणि स्क्रीनवर मावतील एवढी बारीक केली.

पहिल्यांदा स्क्रीनवर त्यांचा क्ष उमटला तेव्हा तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते म्हणाले होते, "लोणी, लोणी!" मी ते कौतुक चार महिने अंगाखांद्यावर मिरवत होते.

आठ दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आज ते त्यानंतर पहिल्यांदाच आपली अक्षरं बघायला माडी चढून आले होते.

आता खरं सांगायचं तर त्या दातांची मला चांगली माहिती होती. स्क्रीन म्हणजे शेवटी बारीक चौकोनांची जाळी. सरळ रेघ त्यात सरळ बसते. तिरकी किंवा गोल रेघ बसवायची तर पायऱ्या पाडाव्या लागतात. मीही त्या पायऱ्या बघितल्या होत्या आणि रोज बघून बघून मला त्या दिसेनाशा झाल्या होत्या. त्या वेळी एवढंच म्हणायला हवं होतं की, तात्या, तुमचा डोळा ठणठणीत आहे, खोट माझ्या कामात आहे.

पण बत्तीस शाळा चालवणाऱ्या एका शिक्षण संस्थेचे सचिव पंधरा दिवसांनी 'कित्ता' बघायला येणार होते. ईश्वरा पेंटरनं नाक मुरडलं हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर संपलंच होतं. आणि तात्यांच्या तोंडात काही राहत नसे.

"खाली गिरणी चालू आहे ना, तात्या, त्यानं स्क्रीन थरथरतो," मी म्हणाले.

"मग डाव्या डोळ्याला का थरथरंना?"

"नवा डोळा आहे. सवय व्हायला वेळ लागतो."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. आधी डाव्यानं, मग उजव्यानं. आणि ते जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्या सुटल्या कांचन माझ्यापुढं येऊन उभी राहिली. कांचन म्हणजे तात्यांची मुलगी. ती आणि मी एका वर्गातल्या, आता ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि माझ्याशीही साधारण दुसरीच्या मुलांशी बोलावं तशी बोलायची.

"काय सांगितलंस तू आबांना?"

"कुठं काय?"

"दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं नाही म्हणतायत. एक डोळा करवतीचा झाला, दुसरा तरी लोण्याचा राहू दे, असं चाललंय सकाळपासून. डॉक्टर म्हणतायत, डावा आता पिकलाय, फार थांबता येणार नाही. दाखव मला तो क्ष."

मी दाखवला. तिनं वाकून बघितलं.

"अगं, मलापण दिसतायत की दात!"

"दिसणारच. तुझे डोळे चांगले आहेत."

"मग हे त्यांना सांग ना!"

"सांगते. तेवढं सचिवांना दाखवून होऊ दे."

कांचननं माझ्याकडं असं बघितलं की, मला तिथल्या तिथं अंगठे धरून उभं राहावंसं वाटलं.

इकडं तात्या स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांची सकाळची बैठक असायची बसस्टँडसमोरच्या सलूनमध्ये. दाढीला येईल त्याला त्यांनी आपला सिद्धांत ऐकवायला सुरुवात केली. स्क्रीन एकच. अक्षर एकच. काढणारा हात एकच. डाव्या डोळ्याला लोणी दिसतं, उजव्याला करवत. ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालंय? उजव्या. मग खोट कशात? तोंडाला साबण लावून बसलेल्या माणसाला ह्यावर काय बोलता येणार? आणि साबण धुऊन झाल्यावरही कुणाला उत्तर सुचलं नाही, कारण तर्कात कुठं फटच नव्हती.

चौथ्या दिवशी माडीच्या जिन्यावर चपला वाजल्या आणि पदरावरचं पीठ झटकत एक बाई आत आल्या. आवटी डॉक्टरीणबाई. मी उठून उभी राहिले.

"पद्मजा चौगुले तूच का?"

"होय, मॅडम. बसा ना."

"बसायला वेळ नाही. रविवारी माझं शिबिर आहे. एकवीस जणांची नावं होती, आता चौदा राहिलीत. सात जणांनी निरोप पाठवलाय की, आम्हाला करवतीचा डोळा नको. हे काय प्रकरण आहे, म्हणून मी तात्यांना बोलावून तपासलं. अगदी खालची ओळ घडाघडा वाचली त्यांनी! मी म्हटलं, तात्या, डोळा उत्तम आहे. तर म्हणतात, हे छापील अक्षर झालं, छापील अक्षराला काय धाड भरलीय? माझं अक्षर दाखवा." त्यांनी पर्समधून चष्मा काढला. "कुठाय ते?"

मी स्क्रीनकडं बोट केलं. बाईंनी दोन क्षण बघितलं आणि चष्मा परत पर्समध्ये टाकला.

"हे तर मलाही दातेरी दिसतंय."

मी जमिनीकडं बघत होते.

"तू सांगतेस त्यांना, की मी सांगू?"

"मॅडम, मी अक्षरंच गुळगुळीत करते. मग दात दिसणारच नाहीत आणि सांगायचा प्रश्नच येणार नाही."

"शुक्रवार दुपारपर्यंत," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी माईक घेऊन बसस्टँडवर उभी राहीन. आणि हा जिना एकदा झाडून घे."

तो मंगळवार होता. मी कामाला लागले. अक्षरं मोठी करून बघितली, तर दातही मोठे झाले. क्ष आता मगरीसारखा दिसायला लागला. बारीक करून बघितली, तर अक्षरांतल्या गाठीच सुटल्या. दातांचे कोपरे एकेक करून खोडले, तर अक्षराला खरूज झाल्यासारखं दिसायला लागलं. बुधवारी संध्याकाळी माझी अक्कल संपली आणि हुशारी सुरू झाली. कांचनची एक पांढरी, तलम नायलॉनची ओढणी माझ्याकडं राहिली होती. ती मी स्क्रीनवर ताणून बसवली, चार बाजूंनी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले आणि लांबून बघितलं. काय सांगू! दात नाहीसे. अक्षर कसं चांदण्यात भिजल्यासारखं.

गुरुवारी सकाळी अप्पा गिरणी बंद ठेवून जयसिंगपूरला गेले होते. सगळं शांत होतं. मी तात्यांना बोलावणं पाठवलं. चिमटे दिसू नयेत म्हणून स्क्रीनच्या चारी कडांना पुठ्ठ्याची चौकट लावली आणि त्यांना जरा लांबच, दारापाशी बसवलं.

तात्यांनी डावा डोळा झाकला. उजव्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गेलं की गं!"

"मी म्हटलं नव्हतं? सवय व्हायला वेळ लागतो."

तात्या इतके खूश झाले की, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी ते गालावर आल्यावर पुसलं. मलाही फार बरं वाटलं. आणि तेवढ्यात ते उठले. पेंटरची सवय ती, अक्षर नुसतं बघून त्यांचं समाधान व्हायचं नाही. बोटांनी चाचपायला लागायचं. मी "तात्या, तात्या" म्हणेपर्यंत त्यांचा हात स्क्रीनवर पोचला होता. पुठ्ठा पडला. एक चिमटा टणकन उडाला आणि ओढणी अलगद टेबलावर उतरली.

समोर क्ष होता, सगळे दात दाखवत.

तात्यांनी ओढणी उचलली. उजेडात धरली. तिच्यातून माझ्याकडं बघितलं.

"स्क्रीनला मोतीबिंदू आणलास व्हय?"

मला हसू फुटलं. फार जोरात फुटलं. मग लक्षात आलं की मी एकटीच हसतेय.

"म्हंजे दात यंत्रातच हायेत," तात्या म्हणाले.

"होय."

"तुला ठाऊक व्हतं?"

"होय, तात्या."

"पैल्या दिवशी?"

मी मान डोलावली.

तात्या तिथंच एका रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसले. "सा दिस झालं," ते म्हणाले. "रोज सकाळी नात शाळेला निघाली की तिला पुढ्यात उभी करतोय. म्हणतोय, बाळ, हलू नगंस. आन् एकेका डोळ्यानं तिचं तोंड बघतोय. म्हटलं, आज अक्षराला दात दिसत्यात, उद्या पोरीच्या गालाला दिसले तर काय करू?"

ओढणीची नीट घडी घालून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि ते जिना उतरून गेले. मी खिडकीतून बघितलं. ते सलूनकडं वळले नाहीत, घराकडं गेले. सलूनकडं गेले असते तर मला बरं वाटलं असतं.

अर्ध्या तासानं जिना पुन्हा वाजला. तात्या परत आले होते. एका हातात बारीक अक्षरं बघायचं भिंग आणि दुसऱ्या हातात रंगानं बरबटलेली पत्र्याची पेटी.

"दाव," ते म्हणाले. "दात कुठनं येत्यात ते दाव."

माझ्याकडं न बघताच बोलत होते. मी खुर्ची सरकवली. त्यांनी भिंग स्क्रीनला लावलं आणि मी त्यांना चौकोनांची जाळी समजावून सांगितली, की एक चौकोन एक तर काळा नाहीतर पांढरा, अर्धा कापता येत नाही, म्हणून तिरक्या रेघेच्या पायऱ्या होतात.

"म्हंजे भिंत खडबडीत हाय, म्हण की."

"म्हणजे?"

"अगं, दगडी भिंतीवर चुन्याचा हात मारला आन् वर काळं अक्षर काढलं, तर कड कधी सरळ येती व्हय? दगडाच्या खळग्यात ब्रश अडकतोय. घाटाजवळच्या शाळेवर मी अशीच अक्षरं काढल्यात. काळं काढायचं. मग काळ्यात पांढरं मिसळून राखाडी करायचं आन् जिथं जिथं कड तुटली तिथं तेवढाच एक पातळ हात द्यायचा. जवळनं बघितलं तर डाग. रस्त्यावरनं बघितलं तर रेशीम." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तुझ्या यंत्राला राखाडी येतो का?"

येत होता. दोनशे छप्पन्न तऱ्हेचा येत होता. मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम अक्षरांच्या कडेला असं काहीतरी करतात हे मी कुठंतरी वाचलंही होतं आणि ते आपल्या आवाक्यातलं नाही म्हणून सोडून दिलं होतं.

"येतो," मी म्हणाले. "पण कुठं किती राखाडी द्यायचा, हे यंत्राला कसं सांगायचं? तुम्ही नजरेनं देता."

"नजरेनं काय देतोय? हिशेब हाय त्याला." त्यांनी माझी आलेखाची वही ओढली, पेटीतून पेन्सिल काढली आणि चौकोनांवरून क्षचं एक वळण सफाईनं ओढलं. मग एका कापल्या गेलेल्या चौकोनावर टोक टेकवलं. "ह्यो बघ. ह्यो अर्धा अक्षरात बुडालाय, तर अर्धा काळा. ह्यो पावच बुडालाय, तर पाव काळा. जेवढा बुडाला तेवढा काळा. झालं!"

नंतरच्या वीस वर्षांत मी पडद्यावर अक्षरं उमटवायचंच काम करत आले. बंगलोरला केलं, परदेशात दोन वर्षं केलं. ह्या विषयावरचे जाडजूड निबंध वाचले. सगळ्यांच्या मुळाशी मला तीच ओळ सापडते, आलेखाच्या वहीवर टेकवलेल्या पेन्सिलीसकट.

तो गुरुवार आणि शुक्रवारची सकाळ आम्ही दोघं बसलो. तात्यांची मोठी अक्षरं माझ्याकडं होतीच. प्रत्येक चौकोनाचे सोळा बारीक तुकडे पाडायचे, त्यातले किती अक्षरात बुडाले ते मोजायचं आणि तेवढा तो चौकोन काळा करायचा, असं मी यंत्राला शिकवलं. आधी फारच हळू चालायला लागलं. क टाइप करावा आणि चहाचा घोट घेऊन यावं, तेव्हा तो उमटायचा. मग सगळी अक्षरं एकदाच तयार करून साठवून ठेवली आणि वेग आला. तात्या कामापुरतं बोलत होते. "हितं जादा झालं." "हितं कमी पडलं." चहा आणला तर कप घेतला, पण बशी माझ्या हातातच राहिली.

शुक्रवारी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, कांचन आली. खाली गिरणी धडधडत होती आणि माडीची जमीन पायाखाली गुदगुल्या करत होती. मी क्ष, ळ आणि श्री एका ओळीत टाइप केले.

तात्यांनी डावा डोळा झाकला. आम्ही तिघी मागं उभ्या.

"हं," तात्या म्हणाले. अजून जवळ गेले. "श्री झ्याक आलाय."

"दात?" बाईंनी विचारलं.

"न्हाईत."

"आता डाव्यानं बघा."

तात्यांनी हात बदलला. बघत राहिले. डोळा बारीक केला, मोठा केला, मान तिरकी केली.

"काय दिसतंय?"

"डाव्यानं..." तात्या थांबले. "अहो बाई, डाव्यानं सगळं गढूळच दिसतंय की! ते लोणी नव्हतंच. डोळ्यापुढं धुकं व्हतं नुसतं." ते झटक्यात वळले. "रविवारी ह्यो बी काढून टाका."

"डोळा नाही काढत हो मी, तात्या! मोतीबिंदू काढते."

रविवारी त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या सातांपैकी मात्र एकही जण आला नाही. करवतीची बातमी तीन दिवसांत नदीपलीकडं गेली होती. करवत नाहीशी झाल्याची बातमी सलूनच्या पायरीवरसुद्धा पोचली नव्हती. सचिव ठरल्या दिवशी आले, अक्षर बघून खूश झाले आणि बत्तीसपैकी पाच शाळांना 'कित्ता' देऊ म्हणाले. उरलेल्या सत्तावीस शाळांत कॉम्प्युटरच नव्हते. मला खूप आनंद व्हायला हवा होता.

महिन्याभरानं कांचन पुन्हा दारात. "चल माझ्याबरोबर. आबांना आवर."

काय झालं होतं, तर ऑपरेशननंतरचा हिरवा चष्मा उतरवून तात्या दोन्ही चांगल्या डोळ्यांनी गावातून फिरले होते आणि गेल्या तीन-चार वर्षांत त्यांनीच रंगवलेल्या पाट्या त्यांना पहिल्यांदा धड दिसल्या होत्या. भांड्यांच्या दुकानावरचा ळ पाय घसरल्यासारखा. दूध डेअरीच्या पाटीवर शिरोरेषा उताराला लागलेली. त्या दिवसापासून ते शिडी आणि पेटी घेऊन निघाले होते. एकेक पाटी दुरुस्त करत होते. दुकानदार म्हणत होते, तात्या, राहू द्या, काही वाईट दिसत नाही. तात्या म्हणत होते, तुम्हाला दिसत नसंल.

आम्ही गेलो तेव्हा शिडी आवटी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला लागली होती. पाटीवरच्या 'नेत्र'मधला त्र पुसून तात्या तो नव्यानं काढत होते. खाली बाकावर पाच-सहा माणसं नंबर लावून बसली होती. त्यांतले दोघं त्या सातांतले, आपापल्या बायकांच्या सोबतीला आलेले. फरशी गुळगुळीत होती आणि शिडी हलत होती. मी जाऊन ती धरली. तात्यांनी खाली बघितलं आणि पुन्हा त्रकडं वळले.

"काय तात्या," बाकावरून एकानं विचारलं, "डॉक्टरीणबाईनं कामाला ठेवलं काय तुम्हाला?"

"चूक माझी हाय," तात्या वरून मोठ्यानं म्हणाले. "डोळ्यांत मोतीबिंदू असताना काढलेली अक्षरं हायेत ही. तवा मला कळलं न्हाई. आता कळलं, म्हणून दुरुस्त करतोय."

"अन् तुमचा तो करवतीचा डोळा?"

तात्यांचा ब्रश थांबला. उत्तर त्यांना ठाऊक होतं. गेला महिनाभर ते गावात कुणालाही ते उत्तर देऊ शकले असते. दिलं नव्हतं, हे मला त्या क्षणी, शिडीला धरून उभी असताना कळलं. त्यांनी ब्रश डब्यात बुडवला, डब्याच्या काठावर निथळवला, पुन्हा बुडवला.

"तात्यांचा डोळा चांगलाच होता," मी म्हणाले. आवाज चिरका आला, म्हणून पुन्हा म्हणाले, "पहिल्या दिवसापासून चांगला होता. माझ्या कॉम्प्युटरची अक्षरं दातेरी होती. मला ते माहीत होतं आणि मी त्यांना खोटं सांगितलं. डॉक्टरांनी काही बिघडवलं नाही. मी चौगुल्यांची पद्मजा. गिरणीवाल्यांची."

बाकावरची डोकी माझ्याकडं वळली. कुणीतरी खाकरलं. मग त्या सातांतला एक जण जरा पुढं सरकला आणि गंभीरपणे म्हणाला, "मग आमच्या टीव्हीत मुंग्या दिसत्यात, ते कुणाकडं दाखवायचं? हिच्याकडं, का आत?"

"आधी आत या," खिडकीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "नाव सांगा."

बाक हसून हसून हलायला लागला. तो माणूस गोंधळून उठला आणि चपला काढून खरोखरच आत गेला. वर तात्यांनी त्रचा काना वरून खाली एका दमात ओढला, मान मागं घेऊन बघितला, एका जागी ब्रशचं टोक हलकेच टेकवलं.

"पद्मा," ते म्हणाले, "शिडी नीट धर. रेघ हलाय लागलीया."